पियानो लोकलने जात नाही

'शेजार' या विषयावर लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा आधी चाळीची गॅलरी आठवली, मग वाटीभर साखर, मग उघडी दारं. त्यावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे. पण पत्र हातात असतानाच वरच्या मजल्यावरून व्हायोलिन सुरू झालं आणि माझा विषय मला मिळाला.

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. वय सतरा, यंदा बारावी. ती आठ वर्षांची असल्यापासून तिचं व्हायोलिन आम्ही ऐकतो आहोत. पहिली दोन वर्षं कठीण गेली. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर बिघडतो आणि गज थोडा तिरका पडला की तार किंचाळते. दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही, असा सोसायटीत अलिखित करार झाला आणि तिने तो पाळला. मग कधीतरी किंचाळणं थांबलं. कधी थांबलं ते कुणालाच सांगता येणार नाही. यंदा जूनमध्ये जिन्यात उभं राहून ऐकताना मला एक गोष्ट खटकली. ती मधेच थांबत होती, तीन-चार मात्रा गप्प राहत होती आणि पुन्हा सुरू करत होती. चुकत नव्हती, कुणाची तरी वाट पाहत होती.

विचारलं तर म्हणाली, "काका, तिथे पियानो आहे. पियानोवाला वर्सोव्याला राहतो."

सप्टेंबरात दोघांची मैफल होती. तिच्या भाषेत रिसायटल. मी तालमींना येऊन बसू का, असं विचारलं. तिने वर्सोव्याला फोन केला, त्याने त्याच्या आईला विचारलं आणि ऑगस्टच्या एका रविवारी आम्ही दोघं निघालो.

अकरा किलोमीटर

घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. बारा स्थानकं, साडेअकरा किलोमीटरला थोडी कमी. त्याआधी पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे साकीनाक्याच्या कोंडीत तास-दीड तास काढायचा, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलायची. आता वीस-बावीस मिनिटं लागतात. ही मेट्रो नसती तर ही जोडी जमली नसती, असं मुलीची आई म्हणते आणि ते खरं आहे. चेंबर म्युझिकला सगळ्यांत आधी लागतो तो वेळ. आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास, समोरासमोर.

गाडीत ती व्हायोलिनची पेटी पाठीवर ठेवत नाही. पाठीवर असली की मागचा माणूस टेकतो. छातीशी उभी धरते, लहान मूल धरावं तशी. जागा मिळाली तरी पेटी मांडीवरच. रॅकवर ठेवलेली पेटी विसरून उतरलेल्या एका मुलाची गोष्ट तिच्या क्लासमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

प्रवास नेहमी तिनेच करायचा, हे मात्र ठरलेलं आहे. त्यात मान-अपमानाचा प्रश्न नाही. उभा पियानो दोनशे किलोंच्या वर भरतो आणि तो हलवला की पुन्हा जुळवावा लागतो. जगभर व्हायोलिनवाले पियानोवाल्यांच्या घरी जातात. त्यामुळे या संगीताचा नकाशा पियानोंचा नकाशा असतो. पियानो जिथे आहे तिथे संगीत घडतं. मुंबईत हे पियानो पिढ्यान् पिढ्या दक्षिणेत होते: कुलाबा, कफ परेड, ग्रँट रोडच्या पारशी घरांत, चर्चमध्ये, क्लबांत. उपनगरांत वांद्र्याला बरेच, बोरिवलीच्या आयसी कॉलनीत काही, मरोळ-चकाल्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांत थोडे. बाकी आमच्याकडे हार्मोनियम.

वर्सोव्याच्या मुलाचा पियानो त्याच्या आजोबांनी एका विकायला काढलेल्या बंगल्यातून घेतलेला. काळसर लाकूड, हस्तिदंती रंग पिवळा पडलेल्या पट्ट्या. दोन खोल्यांच्या घरात त्याने दिवाणखान्याची एक भिंत पूर्ण खाल्ली आहे. सोफा गेला, टीव्ही आतल्या खोलीत गेला. मुलाची धाकटी बहीण पियानोखाली गादी घालून अभ्यास करते. मुलगा एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही पोचलो तेव्हा तो दोन कपड्यांच्या चिमट्यांनी स्वरलिपीची पानं स्टँडला अडकवत होता. पंखा चालू ठेवला तर पानं उडतात आणि बंद केला तर बोटं घामाने घसरतात. चिमटे हा त्यावरचा उपाय.

चेंबर या शब्दाचा अर्थच खोली. मोठं सभागृह, दीडशे वादकांचा ताफा, हातात काठी घेतलेला संचालक, या सगळ्याच्या आधीपासून युरोपात हे संगीत घरच्या दिवाणखान्यात, दोन-तीन-चार माणसांत होत होतं. ऐकणारे दहा असोत वा कुणीच नसो. मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की हे संगीत उपनगरात उपरं नाही. आमच्या घरांच्या मापाचंच आहे.

तीन ओळी आणि एक ओळ

तालीम मोत्झार्टने सुरू झाली. व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेला ई मायनरमधला सोनाटा, त्याच्या कृतींच्या क्योशेल यादीतला क्रमांक ३०४. सन १७७८. मोत्झार्ट बावीस वर्षांचा, नोकरी शोधत आईबरोबर पॅरिसला गेलेला. त्याच वर्षी ३ जुलैला आई तिथेच वारली. दुःखाचा आणि या सोनाट्याचा थेट धागा जोडायची घाई करू नये, कारण त्याचा काही भाग आधी सुचलेला असावा असं अभ्यासक मानतात. पण त्याने व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सोनाट्यांत मायनर स्वरातला हा एवढाच, हे खरं.

त्याची सुरुवात विलक्षण आहे. दोन्ही वाद्यं एकच सुरावट एकाच वेळी, हळू आवाजात वाजवतात. खाली आधाराला स्वरसमूह नाही, सजावट नाही. लपायला जागा नाही. पहिल्या तालमीत त्यांनी या पहिल्या आठ मात्रांच्या भागावर पस्तीस मिनिटं घालवली. मी घड्याळ बघत होतो.

मुळात सुरू कसं करायचं हाच प्रश्न. आपल्याकडे तबलजी समेची वाट बघतो, गायक मुखडा घेतो आणि सम दोघांना भेटवते. इथे पहिलाच स्वर दोघांनी एका क्षणी लावायचा असतो आणि मोजून द्यायला कुणी नाही. मुलगी नाकाने श्वास घेते, ऐकू येईल एवढा. त्या श्वासाची लांबी म्हणजे लय. मुलगा तिच्याकडे बघत नाही, तिच्या श्वासाकडे कान देतो. श्वास लहान झाला तर सगळा सोनाटा धावतो. "तू घाबरून श्वास घेतेस," तो एकदा म्हणाला. "आज तू पोळी खाऊन लगेच बसलास," तिने उत्तर दिलं आणि त्याने मान्य केलं. बोटं जड होती.

मग मला त्यांनी कागद दाखवला. तिच्यासमोरच्या पानावर एकच ओळ असते, तिची. त्याच्यासमोर तीन: वर लहान टाइपात व्हायोलिनची, खाली त्याच्या दोन हातांच्या दोन. म्हणजे त्याला दोघांचंही दिसतं, तिला फक्त स्वतःचं. तिला त्याचं सगळं कानांनी शिकावं लागतं. मी जिन्यातून ऐकलं तेव्हा ती याचसाठी तीन-चार मात्रा गप्प राहून वाट पाहत होती. घरी एकटी असताना ती पियानो मनात वाजवत होती.

संगत हा शब्द इथे फसवा आहे. मोत्झार्टच्या काळात असे सोनाटे छापले जात तेव्हा मुखपृष्ठावर कळफलकाचं वाद्य आधी येई आणि व्हायोलिन त्याच्या साथीला म्हणून. घरातली मुलगी कळफलक वाजवी, पाहुणा व्हायोलिन धरी. साथीदार व्हायोलिनवालाच होता. पुढे बेथोव्हनपर्यंत दोघं बरोबरीला आले आणि नंतरच्या शतकात मैफलीच्या जाहिरातीत व्हायोलिनवाला मोठ्या अक्षरात गेला. आजही परीक्षेला हीच उलट सवय दिसते. आपल्याकडची बहुतेक मुलं लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षा देतात, पहिल्यापासून आठव्या ग्रेडपर्यंत. व्हायोलिनच्या परीक्षेला पियानोवर साथ लागते. परीक्षेच्या आधी दोन-तीन दिवस एक पियानोवादक ठरवला जातो, दोन तालमी होतात, तो सगळीकडे मुलाला सांभाळून घेतो आणि प्रमाणपत्र मिळतं. मुलाला वाटतं, पियानो म्हणजे आपल्या मागून येणारी गोष्ट. आठवी ग्रेड पार केलेली मुलं सोनाटा वाजवायला बसली की पहिल्या पानावर अडखळतात, हे मी त्या घरात ऐकलं आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

दोन गंधार

तिसऱ्या तालमीत एक भांडण झालं. ते मला फार मोलाचं वाटतं.

एका लांब स्वरावर तिचा सूर पियानोला लागत नव्हता. तो म्हणाला, तू खाली आहेस. ती म्हणाली, मी बरोबर आहे. दोघंही खरं बोलत होते.

व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर जुळवतात. आपण तानपुरा जुळवतो तसंच: सा आणि प एकमेकांत विरघळेपर्यंत, दोघांतली थरथर थांबेपर्यंत. वादक कानाने नैसर्गिक सूर शोधतो. पियानोला ती मुभा नाही. त्याच्या पट्ट्या कायमच्या ठरलेल्या. कुठल्याही पट्टीला सा मानून वाजवता यावं म्हणून सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले. या वाटणीत प्रत्येक सुराचं थोडं थोडं नुकसान होतं. पंचमाचं नगण्य. गंधाराचं मात्र चांगलंच: लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट धरलं तर पियानोचा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंट चढा असतो.

मराठी श्रोत्याला हे नवं नाही. हार्मोनियमवरचा आक्षेप नेमका हाच होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. स्थिर सुरांचं हे वाद्य श्रुतींना मारतं, असं त्यामागचं म्हणणं होतं. आपण त्या वादात हार्मोनियम काढून टाकायची की ठेवायची एवढंच विचारलं. या दोन मुलांपुढे काढून टाकण्याचा पर्यायच नव्हता. त्यांनी एक वेगळी वाट काढली. जिथे दोघं एकच स्वर एकत्र वाजवतात तिथे ती पियानोचा सूर घेते. जिथे पियानो खाली थांबलेला असतो आणि सुरावट तिची असते तिथे ती आपल्या गंधारावर जाते आणि तो पेडल हलकं सोडतो, म्हणजे त्याचा सूर तिच्या सुरावर घासत नाही. पेन्सिलने त्यांनी पानावर खुणा केल्या. लहानसा बाण खाली, लहानसा बाण वर.

आपल्याच मातीत व्हायोलिनने याआधी एक फार मोठा प्रवास केला आहे, हेही इथे सांगायला हवं. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. महाराष्ट्रात गजाननराव जोशींनी, वि. गो. जोगांनी, डी. के. दातारांनी त्याला बैठकीवर बसवलं. मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून, गळ्यातून येणारी मींड तारेतून काढली. 'गीतरामायणा'च्या वादकांत असलेल्या प्रभाकर जोगांनी तर मराठी भावगीतं व्हायोलिनवर अशी वाजवली की शब्द ऐकू यावेत. आमच्या इमारतीतल्या मुलीच्या आजीने नातीला पहिलं व्हायोलिन घेतलं ते प्रभाकर जोगांच्या ध्वनिफिती ऐकून. क्लास मात्र जवळ पाश्चात्त्य पद्धतीचा मिळाला. आजीला आधी वाईट वाटलं होतं.

वाजवणारे कुठून आले

मुलीचे व्हायोलिनचे सर आता सत्तरीला आले आहेत. अंधेरीला राहतात. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी व्हायोलिनच्या रांगेत वाजवलं. ते गोव्याचे. मुंबईतल्या पाश्चात्त्य वादनाचा इतिहास सांगायला बसलं की गोवा टाळता येत नाही.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या जोडीने गावोगाव शाळा होत्या आणि तिथे मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि बहुधा व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणारा तो मेस्त्री. गरिबाघरचा मुलगाही कागदावरचं संगीत वाचू शके. पोटासाठी ही मुलं मुंबईला आली, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, राहिली. हॉटेलांच्या बँडमध्ये गेली आणि बोलपट आल्यावर स्टुडिओत. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि ती कागदावर उतरवून साठ माणसांना वाटायची, हे काम सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी केलं.

यांतले अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९२७ चा जन्म. १९४३ मध्ये मुंबईला आले, व्हायोलिन शिकवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्यांत संगीतकार प्यारेलाल शर्मा होते. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागांवर वाद्यवृंदासाठी लिहिलेलं संगीत सादर करायला स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. तो टिकला नाही. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात प्यारेलालजींनी त्यांचं नाव गुंफलं. सगळा देश ते नाव गातो, पण तो माणूस व्हायोलिनचा शिक्षक होता हे थोड्यांना ठाऊक असतं. २०१२ मध्ये ते गेले.

दुसरा प्रवाह पारशी घरांतला. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. चार माणसांचा हा चमू त्यांच्या घरी तालमी करी. घरातला मुलगा ते ऐकत वाढला आणि १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला: झुबिन मेहता. मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभ्या राहिलेल्या या माणसाचे कान आधी घरातल्या चार वाद्यांवर तयार झाले, याकडे मला लक्ष वेधायचं आहे. १९९५ पासून मेहलींच्या नावाचं प्रतिष्ठान मुंबईत मुलांना शिकवतं. एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा बरेचसे वादक बाहेरून, विशेषतः कझाकस्तानहून आणावे लागले. भारतीय वादक घडावेत म्हणून काही वर्षांनी त्याची अकादमी निघाली. बोरिवली-मुलुंडची मुलं तिथेही जातात. एकेक तासाचा लोकलचा प्रवास, वर चर्चगेट किंवा सीएसएमटीपासून नरिमन पॉइंटचं टोक.

नव्वदच्या दशकात सिंथेसायझरने स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगा हळूहळू संपवल्या. एक माणूस, एक कळफलक आणि साठ व्हायोलिनांचा भास. सरांचं काम गेलं ते तेव्हाच. ते घरी शिकवू लागले. अंधेरी, मालाड, बोरिवली, मुलुंड इथे त्यांच्यासारखे अनेक जण राहत होते, कारण स्टुडिओ आणि परवडणारी घरं याच बाजूला होती. एका पिढीचा रोजगार बुडाला आणि त्यातून उपनगरांना शिक्षक मिळाले. या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगताना मला जड जातं, पण झालं ते असंच.

ओल

ऑगस्टच्या शेवटी पियानोच्या चार पट्ट्या खाली गेल्या की वर येईनात. मुलाने खालची फळी काढली. आत पंधरा वॅटचा एक दिवा लोंबत होता, पावसाळाभर चालू. ही मुंबईची जुनी रीत. दिव्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. शेजारी डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी, कारण हातोड्यांवरचं लोकरी नमदं कसरीला फार आवडतं.

पियानोत दोनशेतीसच्या आसपास तारा असतात आणि त्या सगळ्या मिळून लोखंडी चौकटीवर पंधरा-वीस टनांचा ताण देतात. त्यांच्यामागे लाकडाचा पातळ फलक. पावसाळ्यात तो ओल पिऊन फुगतो, घोडी पुढे रेटली जाते, तारा ताणतात आणि सूर चढतो. नोव्हेंबरात हवा सुकली की सगळं उतरतं. चढ आणि उतार मधल्या सप्तकांत सारखा होत नाही, हेच खरं दुखणं. म्हणून मुंबईत पियानो वर्षातून दोनदा तरी जुळवावा लागतो. जुळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि त्यांच्या तारखा पावसाळ्यात मिळत नाहीत.

व्हायोलिनचंही तेच. ते सरसाने जोडलेलं असतं आणि सरस मुद्दामच मऊ ठेवतात, म्हणजे लाकूड फुगलं तर फळी फुटण्याआधी जोड सुटावा. खुंट्या घट्ट बसतात, गजाचे घोड्याचे केस सैल पडतात, राळ चिकट होते. मुलगी पेटीत खडूचे तुकडे आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. औषधाच्या बाटल्यांतल्या पुड्या आता आम्ही शेजारीही तिच्यासाठी साठवतो.

जुळवणारे गृहस्थ मैफलीच्या चार दिवस आधी आले. साडेतीन तास बसले. त्यांनी एकही सुरावट वाजवली नाही. एकेक तार, एकेक जोडी, थरथर मोजत. जाताना मुलाच्या आईला एवढंच सांगितलं, "ताई, रविवारपर्यंत खिडकी बंद ठेवा."

माळ्यावरची पेटी

सरांनी मला एक हिशेब सांगितला. आकडे त्यांच्या वहीतले, त्यामुळे ते इथे देत नाही, पण रूप सांगतो. आठ-नऊ वर्षांची मुलं पाव किंवा अर्ध्या आकाराचं व्हायोलिन घेऊन येतात. हात वाढेल तसं वाद्य बदलतं: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. पूर्ण आकाराचं व्हायोलिन यायचं वय आणि दहावी एकाच वेळी येतात. वाद्य घेतलं जातं, क्लास बंद होतो आणि पेटी माळ्यावर जाते. दहावीनंतर काढू, बारावीनंतर काढू. त्यांच्या मते उपनगरांतल्या माळ्यांवर एक वाद्यवृंद झोपला आहे.

आमच्या इमारतीतल्या मुलीचं बारावीचं वर्ष आणि ही मैफल एकत्र आली तेव्हा घरात ताण होता. वडिलांचा विरोध नव्हता, काळजी होती. त्यांनी शेवटी एक अट घातली: तालमीला जाता-येता मेट्रोत भौतिकशास्त्र वाचायचं. तिने वाचलं. पेटी एका हाताने छातीशी, पुस्तक दुसऱ्या हातात. मी साक्षीदार आहे.

खांदाही दुखत होता. शाळेचं दप्तर, क्लासचं दप्तर आणि हनुवटीखालचं वाद्य, सगळा भार डाव्या बाजूला. १९५२ मध्ये येहुदी मेनुहिन हा जगातला नामवंत व्हायोलिनवादक दुष्काळ निवारणासाठी मैफली करायला भारतात आला, तेव्हा मुंबईत त्याची पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली. शरीराच्या तक्रारींनी त्रासलेल्या मेनुहिनने त्यांना गुरू केलं आणि पुढे अय्यंगारांना युरोपात नेलं. आपल्या व्हायोलिनचं श्रेय तो या योगगुरूला उघडपणे देत असे. ही गोष्ट तिला सांगितली. तिच्या आईने दुसऱ्याच आठवड्यात घाटकोपरमध्ये योगाचा वर्ग शोधला.

साठ खुर्च्या

मैफल झाली ती वर्सोव्याच्याच आराम नगरमध्ये, एका जुन्या घराच्या खोलीत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या या वस्तीतल्या बैठ्या घरांत आता नाटकाच्या तालमी आणि छोटे प्रयोग होतात. तिथे पियानो आहे म्हणून ही जागा. सभागृह बरंच मोठं हवं असं मुलांच्या नातेवाइकांना वाटत होतं. उपनगरांत मोठी नाट्यगृहं आहेत: बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास, पार्ल्याला दीनानाथ. नाटकासाठी ती उत्तम. पण व्हायोलिन आणि पियानोला ध्वनिवर्धक लावला की या संगीताचा प्राणच जातो. गज तारेवर टेकताना होणारा आवाज ऐकू यायला हवा. साठ खुर्च्या होत्या, सगळ्या भरल्या आणि दहा-बारा मुलं जमिनीवर बसली.

पंखे बंद केले. खिडक्या लावल्या. पानं उलटायला मुलाची धाकटी बहीण बसली होती, काळा फ्रॉक घालून. पान उलटणाऱ्याने डाव्या बाजूला बसायचं, वेळ आली की उठायचं, वरचा कोपरा धरायचा आणि वादकाने मान हलवली की एका झटक्यात पान फिरवायचं. दोन पानं एकदम उलटली तर सगळं कोसळतं. तिला सबंध सोनाटा वाचता येत होता. बारा वर्षांची पोर.

मग तो श्वास आला. ऐकू येईल एवढा, यावेळी लांब. दोन्ही वाद्यांनी तो पहिला स्वर लावला आणि तो एकच होता.

मोत्झार्ट चालू असताना मैदानातून ढोल सुरू झाला. गणपतीचे दिवस जवळ, पथकाचा सराव. मिन्युएटच्या मधोमध एक जागा येते, तिथे सूर अचानक मायनरमधून मेजरमध्ये जातो, ढग सरून ऊन पडावं तसा. ते अत्यंत हळू वाजवायचं असतं. ती दोघं थांबली नाहीत, आवाजही वाढवला नाही. उलट आणखी हळू केलं. खोलीतली सत्तर माणसं पुढे झुकली. ढोल होताच, पण कुणी तो ऐकत नव्हतं.

नंतर द्वोर्झाकची सोनाटिना. चेकोस्लोव्हाकिया हे नावही जन्मलं नव्हतं तेव्हाचा हा बोहेमियाचा संगीतकार न्यूयॉर्कला संगीतशाळेचा संचालक होता. १८९३ च्या हिवाळ्यात त्याने ही रचना आपल्या दोन मुलांसाठी लिहिली: पंधरा वर्षांची ओटिली पियानोवर, दहा वर्षांचा अंतोनिन व्हायोलिनवर. आपल्या कृतींच्या यादीतला शंभरावा क्रमांक त्याने मुलांच्या या रचनेला दिला. मोठी माणसं ती वाजवतात, पण ती लिहिली घरातल्या पोरांच्या बोटांकडे बघून. तिच्यातल्या बऱ्याच सुरावटी पाच स्वरांच्या आहेत. पहिला भाग सुरू झाल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "अहो, हा भूप आहे की." भूप नव्हता. आरोह-अवरोह नाही, विस्तार नाही, चलन वेगळं. पण सा रे ग प ध हेच पाच स्वर होते आणि आजींचा कान खोटं बोलत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी नातीला हवा तो क्लास मिळाला नाही म्हणून हळहळलेल्या आजी त्या याच.

शेवटी सेझार फ्रांकच्या सोनाट्याचा अखेरचा भाग. फ्रांकने हा सोनाटा १८८६ मध्ये युजेन इसाय या व्हायोलिनवादकाला लग्नाचा आहेर म्हणून दिला. या भागाची रचना सांगण्यासारखी आहे. पियानो एक सुरावट सुरू करतो आणि थोड्याच अंतराने व्हायोलिन तीच सुरावट घेऊन मागून येतं. एक पुढे, एक मागे, पण चाल तीच. दोघं एकमेकांवर पडतात आणि तरी गोंधळ होत नाही, कारण मागच्याने पुढच्याचं ऐकलेलं असतं. घाटकोपर-वर्सोवा करताना दोन महिने मी 'शेजार' या शब्दाचा अर्थ शोधत होतो. तो त्या सहा-सात मिनिटांत मला कानांनी कळला.

चुका झाल्या. फ्रांकमध्ये एका ठिकाणी त्याच्या डाव्या हातातून दोन स्वर निसटले. एका उंच सुरावर तिची तार शिट्टीसारखी वाजली. तो क्षणभर थांबला असता तर मोडलंच असतं. तो पुढे गेला आणि ती त्याच्यामागून गेली. माझ्या मते ती संध्याकाळ सगळ्यांत चांगली झाली ती त्या जागी.

आता वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेत, चर्चच्या मागच्या खोलीत एखादा पियानो झाकण लावून पडला असेल, वर फोटोंच्या फ्रेमा ठेवलेल्या असतील. फ्रेमा उतरवा. आत दिवा लावा, जुळवणाऱ्याला बोलवा आणि आसपासच्या एखाद्या व्हायोलिन शिक्षकाला कळवा की महिन्यातून दोन संध्याकाळी दार उघडं आहे. तिकडे कुणीतरी पेटी छातीशी धरून येईल. पियानोला प्रवास करता येत नाही. मुलं करायला तयार आहेत.